नित्शेच्या वहीतले एक टिपण

वादात हरायची वेळ आली, की हल्ली कुणीतरी फ्रीड्रिख नित्शेला मदतीला बोलावतो. तथ्य वगैरे काही नसते, ज्याने-त्याने आपला अर्थ लावायचा, असे त्यानेच सांगून ठेवले आहे म्हणे. मग पुरावा तपासण्याचे कारणच उरत नाही.

हे विधान ज्यावर बेतले आहे, ते त्याने छापलेल्या कोणत्याही ग्रंथात नाही. ते १८८६-८७च्या सुमारास वहीत केलेले टिपण आहे. १९०० साली नित्शे वारल्यानंतर इतरांनी जुळवलेल्या ‘विल टू पॉवर’ या संग्रहातून ते पसरले. त्याचा रोख प्रत्यक्षार्थवाद्यांवर आहे, म्हणजे तथ्ये तयारच असतात, ती वेचली की ज्ञान झाले, असे मानणाऱ्यांवर. पण लगेच पुढे तो दुसरी वाटही बंद करतो. मग सगळे व्यक्तिनिष्ठ म्हणायचे का? तेही नाही, कारण पाहणारा ‘मी’ हासुद्धा आपणच मागाहून जोडलेला. टिपणाचा हा उत्तरार्ध सहसा कुणी सांगत नाही.

१८८७च्या ‘नीतीची वंशावळ’ या ग्रंथातल्या तिसऱ्या निबंधात हाच विचार अधिक सावधपणे येतो. वस्तू जशी आहे तशी नव्हे, तर आपल्या बुद्धीच्या साच्यांतून आपल्याला कळते, हे कांटने १७८१ मध्ये मांडले होते. पण त्याचे साचे सर्व माणसांना सारखेच होते. नित्शे म्हणतो, कोणत्याही दिशेला न वळलेला डोळा ही कल्पनाच अशक्य आहे. मात्र त्यावरून सगळ्या नजरा सारख्याच मोलाच्या, असे तो म्हणत नाही. एका गोष्टीकडे जितक्या वेगवेगळ्या डोळ्यांनी पाहाल, तितकी तिची कल्पना भरीव होईल. त्यालाच तो ‘वस्तुनिष्ठता’ म्हणतो; हा शब्द तो टाकून देत नाही.

आपल्याकडे इथे आंधळे आणि हत्ती हटकून आठवतात. पण त्या गोष्टीत सबंध हत्ती पाहणारा कुणीतरी डोळस असतो. नित्शेच्या जगात ती जागा रिकामी आहे.

माझ्या मते याचे मूळ त्याच्या पेशात आहे. १८६९ मध्ये, चोविसाव्या वर्षी, तो बाझेलला अभिजात भाषाशास्त्राचा प्राध्यापक झाला. प्राचीन ग्रीक ग्रंथाची मूळ प्रत हाती नसते, असतात त्या नकलांच्या नकला. तरीही एक पाठ दुसऱ्यापेक्षा सरस ठरवता येतो, आणि चुकीचा पाठ चुकीचाच राहतो. ज्ञानेश्वरीच्या पाठभेदांत डोके घातलेल्याला हे निराळे सांगायला नको. १८८८ मध्ये लिहिलेल्या ‘अँटिख्रिस्ट’मध्ये तर तो नीट वाचण्याच्या कलेची बाजू घेतो: अर्थ लावण्याच्या घाईत तथ्य बिघडवू नये, धीर धरावा. वहीतल्या टिपणाचा हवाला देणाऱ्यांना हा नित्शे ओळखूही येणार नाही.

मग त्याचे स्वतःचे म्हणणेही एक अर्थ लावणेच नाही का? ‘चांगल्या-वाइटाच्या पलीकडे’ या १८८६च्या पुस्तकात, भौतिकशास्त्रज्ञांच्या ‘निसर्गनियमा’ला वाईट वाचन ठरवल्यावर, तो हा आक्षेप स्वतःच उचलतो. आणि तसे असेल तर उत्तमच, एवढे म्हणून पुढच्या परिच्छेदाकडे वळतो.