हातचं न राखता

2019 मध्ये सांगली-कोल्हापूरला महापूर आला, तेव्हा आमच्या महिला मंडळाने पूरग्रस्तांसाठी कपडे गोळा केले. दोन दिवस आम्ही दहा-बारा जणी नुसत्या निवडायला बसलो होतो. हुक तुटलेले ब्लाऊज, बोहारणीनेही घेतल्या नसत्या अशा साड्या, एका पिशवीत तर एकाच पायाची चप्पल! देणाऱ्यांच्या मनात वाईट नसतं हो. पण आपलं देणं बहुतेक वेळा कपाट आवरताना सुचतं, हेही खरं.

बायबलमध्ये एका गरीब विधवेची गोष्ट आहे. श्रीमंत लोक देवळाच्या पेटीत भरपूर पैसे टाकतात, आणि ही बाई दोन दमड्या टाकते. येशू म्हणतो, हिचंच दान मोठं, कारण त्यांनी शिल्लक राहिलेल्यातून दिलं आणि हिने पोटाचंच दिलं. मी काही ख्रिस्ती नाही, पण ही गोष्ट वाचली की मला केडगावच्या पंडिता रमाबाई आठवतात.

शाळेत आपण रमाबाईंबद्दल चार ओळी शिकलो. कलकत्त्याच्या विद्वानांनी 1878 मध्ये त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या, त्यांनी विधवांसाठी शारदा सदन काढलं, वगैरे. त्यांच्या भुकेबद्दल मात्र कुणी सांगितलं नाही. वडील अनंतशास्त्री डोंगरे तीर्थयात्रा करत पुराणं सांगायचे आणि होतं नव्हतं ते दानधर्मात घालायचे. 1874 च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळ पडला. दागिने विकले, भांडी विकली, अंगावरची चांगली वस्त्रंही गेली. शेवटी हे कुटुंब रानात पाण्यावर आणि झाडपाल्यावर अकरा दिवस राहिलं. वडील गेले, मागोमाग आई, मग थोरली बहीण. उरले रमा आणि भाऊ श्रीनिवास.

पुढे लग्न झालं, दोन वर्षांत वैधव्य आलं, पदरात मनोरमा. 1883 मध्ये इंग्लंडला गेल्यावर त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुण्यात किती गहजब झाला असेल, कल्पना करा! तरी 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झालं आणि पुढच्या वर्षी पुण्यात आलं. पहिली विद्यार्थिनी गोदूबाई, म्हणजे पुढच्या आनंदीबाई कर्वे. रमाबाईंच्या खोलीचं दार उघडं असायचं. त्या प्रार्थनेला बसल्या की काही मुली आपणहून येऊन बसायच्या. 1893 मध्ये यावरून वाद पेटला. न्यायमूर्ती रानडे, भांडारकर यांच्यासारखी सल्लागार मंडळी बाजूला झाली, पालकांनी मुली काढून नेल्या. दार लावून घेतलं असतं तर सगळं टळलं असतं. त्यांनी नाही लावलं.

मला विचाराल तर इथे माझं मन दोन्हीकडे ओढलं जातं. विश्वासाने पोरी सोपवणाऱ्या आईबापांची भीती मला कळते. भुकेल्या मुलीला जो हात घास भरवतो, त्या हाताच्या देवाचं नाव तिच्या तोंडी येणारच. हा प्रश्न खोटा नव्हता. पण त्याच वेळी त्या मुलींना दारात उभं करायला किती घरं तयार होती?

1896 मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाई स्वतः तिकडे गेल्या. अन्नछत्रांच्या आवारात मुलींचे कसले हाल चालले होते, ते डोळ्यांनी पाहिलं. रानातले ते दिवस त्या विसरल्या नव्हत्या. हाती पैसा नसताना त्यांनी शेकडो मुली आणल्या. हाडांचे सापळे, अंगभर फोड, केसांत उवा. त्यात पुण्यात प्लेग! शहरात ठेवायची सोय नाही, म्हणून फळबागेसाठी घेतलेल्या केडगावच्या माळावर झोपड्या उभ्या राहिल्या. शारदा सदनातल्या जुन्या मुलींनी या नव्या मुलींना सांभाळलं. तेच पुढे ‘मुक्ती सदन’ झालं. अमेरिकेतल्या मंडळाने दहा वर्षं मदत करायचं कबूल केलं होतं. ती मुदत 1898 मध्ये संपत आली होती. अशा वेळी कुणीही म्हणेल, आता जरा हात आखडा. यांनी उलट दारं वाढवली. वाट चुकलेल्या म्हणून टाकलेल्या बायकांसाठी कृपा सदन, म्हाताऱ्यांसाठी प्रीती सदन. 1900 पर्यंत दीड हजार माणसं तिथे जेवत होती. महिन्याचा किराणा भरताना ज्यांचा जीव वरखाली होतो, त्या माझ्या मैत्रिणींना हा आकडा नीट कळेल.

आणि मनोरमा? पाच वर्षांच्या लेकीला अमेरिकेतून परत इंग्लंडला, मठातल्या भगिनींकडे पाठवून रमाबाई शारदा सदनासाठी मदत गोळा करत गावोगाव भाषणं देत फिरल्या. हे वाचताना माझ्यातली आई अजूनही अडखळते. पण मोठेपणी मनोरमा आईच्याच कामाला लागली, अंध मुलींना ब्रेल शिकवू लागली. तिच्या हाती सगळं सोपवायचं, असं ठरलेलं. 1921 मध्ये तीच आधी गेली.

त्या वेळी रमाबाईंच्या हातात बायबलचं मराठी भाषांतर होतं. खेड्यातल्या बाईला कळेल अशा सोप्या मराठीत उतरवता यावं म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या होत्या. लेक गेल्यावरही काम थांबलं नाही. 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या आणि 1924 मध्ये ते बायबल बाहेर आलं. छापखाना केडगावचाच. खिळे जुळवणाऱ्या तिथल्याच बायका. दुष्काळातून आलेल्या बहुतेकींना येताना अक्षरओळखही नव्हती.