बंद कारखान्याची जमीन : आधी तपासणी, मग वापर

भाईंदर पश्चिमेकडून उत्तनला जाताना राई, मुर्धा, मोर्वा ही गावे लागतात. आसपास मिठागरे आणि खाडीलगतची खाजणे आहेत. जवळचे भाईंदर शहर स्टीलच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे. शहर वाढते, तशी जुन्या कारखान्यांच्या जागांवर घरे, मैदाने, कधी शाळाही उभ्या राहतात. अशा वेळी एक प्रश्न विचारायला हवा : या मातीत काय मुरले आहे?

हा प्रश्न का विचारायचा? स्टीलचा पत्रा तापवला की त्यावर काळपट थर येतो. तो काढण्यासाठी पत्रा आम्लात बुडवतात. त्या आम्लात क्रोमियम व निकेल विरघळतात. वापरलेले आम्ल जमिनीवर ओतले, तर हे धातू मातीत जातात. पालापाचोळा कुजून संपतो, धातू संपत नाहीत. कारखाना बंद झाला तरी ते तिथेच राहतात.

मग मूठभर माती प्रयोगशाळेत नेली की झाले का? नाही. कोकणातली माती बरीचशी सह्याद्रीच्या काळ्या पाषाणापासून, म्हणजे बेसॉल्टपासून बनलेली आहे. बेसॉल्टमध्ये क्रोमियम व निकेल मुळातच असतात. म्हणून आम्ही जवळच्या, कारखाना कधीच नसलेल्या जागेचीही माती घेतो आणि दोन्हींची तुलना करतो. शिवाय क्रोमियमचे रूपही पाहावे लागते. त्रिसंयुजी क्रोमियम मातीला चिकटून राहते व तुलनेने कमी अपायकारक असते. षट्संयुजी क्रोमियम पाण्याबरोबर वाहते आणि कर्करोगाला कारण होऊ शकते. खाडीकाठी भरती-ओहोटीबरोबर भूजलाची पातळीही हलते, म्हणून पाण्याचे नमुने दोन्ही वेळी घ्यावे लागतात.

नमुने किती घ्यावेत, हे वर्गात एका गणिताने दाखवता येईल. समजा, दहा ठिकाणांची माती घेतली. नऊ ठिकाणी एका किलोत २० मिलिग्रॅम धातू आहे, दहाव्या ठिकाणी ५००. दहाही नमुने सारख्या प्रमाणात एकत्र करून एकच चाचणी केली, तर उत्तर येते ६८. खर्च वाचला, पण जिथे धोका होता ती जागा सरासरीत लपली. नीट तपासणीला पैसे लागतात ते यासाठी.

हे पैसे कोणी द्यायचे? ज्याने घाण केली त्याने भरावे, हे तत्त्व योग्यच आहे. राजस्थानात उदयपूरजवळच्या बिछडी गावात रासायनिक कारखान्यांच्या सांडपाण्याने आणि गाळाने विहिरी व शेते नासली. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने कारखानदारांना जबाबदार धरले. नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेने जागेचा अभ्यास केलेला होता, म्हणूनच शुद्धीकरणाला सुमारे ३७ कोटी रुपये लागतील हा आकडा न्यायालयापुढे होता. तरीही ती रक्कम व्याजासह भरा, असा आदेश न्यायालयाला २०११ मध्ये द्यावा लागला. मधे पंधरा वर्षे गेली.

या प्रकरणातून दोन गोष्टी कळतात. तपासणीशिवाय दोष सिद्ध होत नाही आणि रक्कमही ठरत नाही. दुसरे, दोषी पैसे देईपर्यंत तपासणी थांबवली, तर गावाला नुसते बसून राहावे लागते. म्हणून तपासणीपुरता पैसा सरकारने आधी द्यावा आणि दोषी सापडल्यावर वसूल करावा, हे शहाणपणाचे. अमेरिकेत नव्वदच्या दशकात असा अनुभव आला, की प्रदूषणाच्या नुसत्या संशयाने जुन्या औद्योगिक जागा पडून राहतात. त्या कोणी घेत नाही. तेव्हा तेथील सरकारने गावा-शहरांना खास तपासणीसाठी अनुदान द्यायला सुरुवात केली आणि २००२ मध्ये त्यासाठी कायदा केला. तपासणीनंतर काही जागा स्वच्छ निघतात. उरलेल्यांचे काय करायचे, ते निदान ठरवता येते.

आपल्याकडे प्रदूषित जागांसाठीचे केंद्राचे नियम जुलै २०२५ मध्ये आले. संशयित जागांची माहिती जिल्हा प्रशासनाने द्यायची, मग प्राथमिक व सविस्तर तपासणी व्हायची, असा क्रम त्यांत आहे. खर्च दोषीकडून घ्यायचा. दोषी सापडला नाही किंवा त्याला पैसे देणे शक्य नसले, तर केंद्र व राज्याने सोय करायची. मात्र कोणती जागा संशयित, हे आधी कोणीतरी सांगायला हवे.

तपासणीची ही पहिली पायरी जवळजवळ फुकट आहे : जागेचा इतिहास. येथे काय बनत होते? सांडपाणी कुठे जात होते? भराव कुठून आला? उत्तरे जुन्या कामगारांना, शेजाऱ्यांना आणि मिठागरात राबलेल्यांना ठाऊक असतात. विद्यार्थ्यांनी मातीला हात न लावता ती विचारून गावाच्या नकाशावर मांडली, तर प्रकल्प चांगला होईलच. शिवाय मैदानासाठी जागा निवडताना तो नकाशा ग्रामस्थांना महानगरपालिकेपुढे ठेवता येईल.