एअरबॅगचा दिवा विझवणे वेगळे, दुरुस्त करणे वेगळे

१९९५ साली टेल्कोच्या पिंपरी-चिंचवडमधील आवारात मर्सिडीजची मोटार जोडली जाऊ लागली, त्या वेळी एअरबॅग हा शब्द आपल्या गॅरेजवाल्यांच्या कानावर क्वचितच पडत असे. आज चाकणला फोक्सवॅगन, महिंद्र, मर्सिडीज अशा कंपन्यांचे कारखाने आहेत. १ जुलै २०१९ पासून प्रत्येक नव्या मोटारीत चालकासमोरची एअरबॅग सक्तीची झाली आणि २०२२ पासून शेजारच्या आसनासमोरचीही. या गाड्यांची वॉरंटी आता संपत चालली आहे. म्हणजे त्या भोसरी, मोशी, चाकणच्या लहान गॅरेजांकडे वळणार. हे काम नको म्हणून चालणार नाही, आणि अर्धवट ज्ञानावर करूनही चालणार नाही.

गिऱ्हाईक येते ते एकच तक्रार घेऊन: एअरबॅगचा दिवा जात नाही. चावी फिरवली की हा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. तेवढ्या वेळात गाडीतील मॉड्यूल प्रत्येक एअरबॅगच्या तारेतून अगदी सूक्ष्म करंट सोडून तिचा रोध तपासते. बॅग पेटवणाऱ्या काडीचा रोध साधारण दोन-तीन ओहमच असतो. कपलरचा एखादा पिन ढिला झाला तरी आकडा बदलतो आणि दिवा कायम राहतो. दिवा राहिला की अपघातात ती बॅग उघडेल याचा भरवसा उरत नाही. काही गाड्यांत तर सगळी यंत्रणाच बंद पडते.

येथेच बाजारातील एक वाईट खोड सांगितली पाहिजे. बॅगेच्या जागी दोन-तीन ओहमचा रेझिस्टर जोडला की मॉड्यूल फसते आणि दिवा विझतो. गिऱ्हाईक खूश होऊन जाते. काही महाभाग तर दिव्याची तार तेलाच्या दिव्याला जोडून मोकळे होतात. आमच्या मते ही दुरुस्ती नव्हे, दगाबाजी आहे. ती पुढे कधीतरी महामार्गावर उघडी पडते, आणि तेव्हा बिलावर आपल्याच गॅरेजचे नाव असते.

वास्तविक बहुतेक वेळा दोष बॅगेत नसतो, तारेत असतो. पहिला संशय आसनाखालच्या पिवळ्या कपलरवर घ्यावा. सहा एअरबॅगची सक्ती करण्याचा विचार २०२२ मध्ये झाला व २०२३ मध्ये सोडला गेला. तरीही अनेक कंपन्या आता सहा बॅगा देतात. त्यामुळे आसनांखाली वायरिंग वाढले आहे. आसन पुढे-मागे सरकते, गाडी धुताना खाली पाणी जाते, मागचा प्रवासी पाय घालतो, कुणी छत्री कोंबतो. कपलर नीट बसून त्याचे कुलूप लागले आहे का, पिनांवर हिरवा गंज आहे का, ते पाहावे. पिन पॉलिश पेपरने घासू नयेत. पुष्कळ गाड्यांत त्यांवर सोन्याचा मुलामा असतो, तो गेला की दोष महिन्याभरात परत येतो.

दुसरा संशयित म्हणजे स्टिअरिंगखालची क्लॉक स्प्रिंग. घड्याळाच्या कमानीसारखी गुंडाळलेली ही चपटी पट्टी असते. दिव्याबरोबर हॉर्न किंवा स्टिअरिंगवरची बटणेही बंद झाली, अथवा स्टिअरिंग वळवताना दिवा ये-जा करू लागला, तर दोष बहुधा तिच्यातच. स्टिअरिंग उतरवून पट्टी मध्यावर न आणता परत बसवली, तर पहिल्या पूर्ण वळणालाच ती तुटते. चाके सरळ ठेवून आणि खुणा जुळवूनच ती बसवावी. शागीर्दाच्या हाती हे काम एकट्याने देऊ नये.

हात घालण्यापूर्वी एअरबॅग वाचणाऱ्या स्कॅनरने कोड पाहावा. केवळ इंजिन वाचणारा स्वस्त स्कॅनर येथे निरुपयोगी. कोड तार तुटल्याचा आहे की चिकटल्याचा, हे लिहून ठेवावे. मग चावी बंद करून बॅटरीची निगेटिव्ह तार काढावी आणि थांबावे. मॉड्यूलमधील कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असते, बॅटरी काढली तरी ती बॅग फोडू शकते. कुठली कंपनी एक मिनिट सांगते, कुठली तीन, कुठली त्याहून जास्त. पुस्तक हाताशी नसेल तर दहा मिनिटे जाऊ द्यावीत, तेवढ्यात चहा होतो.

मल्टिमीटर बॅगेला कधीही लावू नये. ओहम मोजताना मीटर स्वतःचा करंट सोडतो आणि तेवढ्याने बॅग फुटण्याचा धोका असतो. बॅग उघडते तीसेक मिलिसेकंदांत. हात मागे घ्यायलाही सवड मिळत नाही. तपासासाठी बॅग सोडवून तिच्या जागी योग्य ओहमचा रेझिस्टर तात्पुरता जोडावा. बॅटरी जोडून कोड पुन्हा पाहावा. कोड गेला तर दोष बॅगेत, राहिला तर वायरिंगमध्ये. तोच रेझिस्टर, पण येथे तो तपासापुरता. काम होताच बॅटरी पुन्हा काढून, तितकेच थांबून, तो काढून घ्यायचा.

आणखी एक गोष्ट चांगल्या चांगल्या वायरमनला चकवते. या कपलरमध्ये शॉर्टिंग पट्टी असते. कपलर सुटला की ती दोन्ही तारा आपोआप जोडते, म्हणजे अंगावरच्या स्थिर विजेने बॅग फुटू नये. त्यामुळे मॉड्यूलचा कपलर काढून वायरिंग मोजले तर ते शॉर्ट दाखवते. पट्टी लक्षात न घेता वायरिंग बदलणारे आहेत!

बॅगच खराब निघाली तर भंगारातील बॅगेचा मोह होतो. कुदळवाडीच्या भंगार बाजारावर फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेचा बुलडोझर फिरला, पण जुन्या मालाची मागणी काही संपत नाही. मात्र एअरबॅग म्हणजे दरवाजा किंवा बंपर नव्हे. जपानच्या ताकाता कंपनीच्या बॅगांतील रसायन उष्णता व दमटपणाने बिघडत असे, आणि बॅग उघडताना धातूचे तुकडे उडत. जगभरात सुमारे १० कोटी इन्फ्लेटर परत मागवावे लागले, आणि २०१७ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. होंडाने भारतातील गाड्याही परत बोलावल्या. भंगारातील बॅग त्यांपैकी नाही, हे बाहेरून पाहून कसे कळणार? गिऱ्हाइकाच्या गाडीचा चासी नंबर मात्र कंपनीच्या संकेतस्थळावर तपासता येतो. रिकॉल निघाला तर बदली फुकट होते, आणि ते सांगणाऱ्या गॅरेजला गिऱ्हाईक सोडत नाही.

जुन्या गाड्यांचा व्यापार करणाऱ्यांनी चावी फिरवून दिवा पाहावा. तो लागतच नसेल, किंवा तेलाच्या दिव्याबरोबर त्याच क्षणी विझत असेल, तर सौदा थांबवून स्कॅनर लावावा.

मजुरीचे काय? तासभर तपास करून कपलर नुसता दाबून बसवला, तर पैसे मागायला संकोच वाटतो. संकोच करू नये. तपासाची मजुरी आधीच सांगावी, आणि आधीचा कोड व नंतरची स्थिती बिलावर लिहावी. गिऱ्हाइकाने खर्च नाकारला तर दिवा तसाच लागलेला ठेवावा, "एअरबॅग बंद आहे" असे बिलावर लिहून सही घ्यावी. काम पुरे झाल्यावर चावी फिरवताना गाडीत कुणी बसू नये. दारातून हात घालून, बॅगेसमोरून तोंड बाजूला ठेवून ती फिरवावी.