फळीवरचे जामनेर

रेल्वेच्या छोट्या प्रतिकृती म्हटल्या की मोठे दालनच डोळ्यांसमोर येते. पुण्याला कोथरूडमध्ये भाऊसाहेब जोशी यांच्या छंदातून उभे राहिलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ साली सुरू झाले. ते पाहून आलेल्या मुलाला वाटते, हे आपल्या घरी हवे. आईवडील घराच्या भिंतींकडे पाहतात आणि विषय बदलतात.

विषय बदलण्याचे कारण नाही. आम्ही शिक्षकाच्या नोकरीमुळे मोलगीला राहतो; सातपुड्यात, अक्कलकुवा तालुक्यात. दोन खोल्यांचे बिऱ्हाड. गावात रूळ नाहीत; गाडी पकडायची तर घाट उतरून नंदुरबार गाठावे लागते. अशा गावात मी भिंतीला सात फूट लांब, एक फूट रुंद फळी ठोकली आणि तिच्यावर रेल्वे आणली.

आधी हिशेब सांगतो. एचओ या प्रचलित मापात प्रत्येक वस्तू ८७ पट लहान होते. एक्स्प्रेसचा जुना निळा डबा सुमारे सव्वाएकवीस मीटरचा. प्रतिकृतीत तो साडेचोवीस सेंटिमीटर भरतो. वीस डबे जोडले तर सोळा फूट होतात! गाडी गोल फिरवायची तर वळणाला अडीच-तीन फूट रुंदी लागते. तेवढ्यात आमची खाट बसते. शिवाय गोल फिरणारी गाडी कोठेच जात नाही.

लहान जागेसाठी लहान रेल्वेच शोधावी. आपल्या खानदेशात ती होती. पाचोरा-जामनेर, लोकांची लाडकी ‘पीजे’. ५६ किलोमीटरचा मार्ग, रुळांमधले अंतर अवघे ७६२ मिलिमीटर. शेंदुर्णी, पहूर अशी स्थानके घेत ती जाई. २०२० च्या टाळेबंदीत ती थांबली. पुढे मार्ग रुंद करण्याचे ठरले. ७६२ ला ८७ ने भागले की पावणेनऊ येतात, आणि एन नावाच्या आणखी लहान मापाचे रूळ नऊ मिलिमीटरचेच असतात. तेव्हा त्या मापाच्या इंजिनाचा खालचा सांगाडा घ्यायचा, वर पुठ्ठ्याचे मोठे अंग चढवायचे, की पीजे तयार.

फळीच्या उजव्या टोकाला जामनेर आहे. एक फलाट, दोन सांधे, बाजूला एक जादा रूळ. डावीकडे गाडी कपाटाआड जाते; तेथे पाचोरा आहे, असे घरात सर्वांनी मान्य केले आहे. गाडी आली की इंजिन सुटते, बाजूच्या रुळावरून मागे येते, दुसऱ्या टोकाला जुळते आणि गाडी परत निघते. रुळांतून बारा व्होल्टची वीज खेळते. तिची दिशा उलटवली की इंजिन उलटे धावते.

सामान बहुतेक घरचे. चहाचा चोथा वाळवून चाळला की कपाशीची काळी जमीन होते. बारीक रेतीची खडी, घोसाळ्याच्या वाळक्या जाळीची झाडे. प्लायवूडला कडांसकट आधीच रंग दिला, कारण सातपुड्याच्या पावसात लाकूड फुगले तर रूळ वाकतात. सौभाग्यवतींची अट एकच, फळी हाताच्या उंचीवर हवी. धूळ पुसायला त्या स्टुलावर चढणार नाहीत. अट रास्त होती. रुळांवर धूळ बसली की वीज पोचत नाही आणि गाडी अडते.

संध्याकाळी आजूबाजूची मुले येऊ लागली. येथली कितीतरी कुटुंबे हंगामात मजुरीसाठी गुजरातेत जातात. आईबापांबरोबर रेल्वेने जाऊन आलेला एक मुलगा बराच वेळ फलाट न्याहाळत होता. मी तेथे बाक, दिवा आणि घंटा मांडली होती. त्याने विचारले, “सर, माणसांची गाठोडी कुठंयत?”

दुसऱ्या दिवशी तो ओली माती घेऊन आला. हरभऱ्याच्या डाळीएवढी गाठोडी त्याने वळली, उन्हात वाळवली आणि फलाटावर एकेक करून ठेवली. बाक एका बाजूला सरकवावा लागला.

दालनात सगळी रेल्वे मावते. फळीवर एकच स्टेशन मावते, म्हणून ते कोणाचे हे ठरवावे लागते. आपल्याकडे सात फूट भिंत मोकळी असेल, तर इंजिनाची खरेदी शेवटी ठेवा. आधी पुठ्ठ्याचे स्टेशन करा, घरातल्या थोरामोठ्यांना जवळ बसवा आणि विचारा, त्या फलाटावर काय काय असे.