कामगार की स्वतंत्र व्यावसायिक? गैरसमज आणि वस्तुस्थिती

कामावर घेताना पुढे केलेल्या कागदावर ‘सल्लागार’, ‘स्वतंत्र कंत्राटदार’ किंवा ‘पार्टनर’ असं लिहिलेलं असलं, की आपण कामगार नाहीच असं अनेक जण धरून चालतात. मग भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, नुकसानभरपाई हे हक्क न मागताच सुटून जातात. यातल्या बऱ्याच शंकांची उत्तरं सर्वोच्च न्यायालयाने फार पूर्वीच दिली आहेत.

गैरसमज : करारावर सही केली, विषय संपला.
वस्तुस्थिती : करारातली भाषा हा पुरावा असतो, निकाल नव्हे. काम कसं करायचं हे कोण ठरवतं, साधनं कुणाची, नफा-तोटा कुणाचा, कामावरून काढायचा अधिकार कुणाकडे, हे सगळं एकत्र तपासलं जातं. केरळमधल्या एका दोरखंड कारखान्याचा मालक म्हणत होता, ‘हे मजूर ठेकेदाराचे, माझे नव्हेत.’ १९७८ च्या हुसेनभाई खटल्यात न्यायालयाने कागदी पडदा बाजूला सारला. मजुरांच्या पोटापाण्यावर ज्याची सत्ता, तोच खरा मालक, असं ठरलं.

गैरसमज : नगावर मजुरी म्हणजे स्वतःचा धंदा.
वस्तुस्थिती : कच्छच्या रणाजवळच्या मिठागरांत राबणाऱ्या अगरियांना मणामागे दर मिळे. हंगामापुरतंच काम असे, मदतीला ते स्वतःची माणसंही आणत. तरीही १९५६ मध्ये धरंगधरा केमिकल वर्क्सच्या खटल्यात ते कामगारच ठरले. कारण ते स्वतः राबत होते आणि मिठाच्या प्रत्येक टप्प्यावर कंपनीची देखरेख होती.

गैरसमज : वेळेचं बंधन नाही, दुसऱ्याचंही काम घेतो, म्हणजे नोकर नाही.
वस्तुस्थिती : सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाउसचे शिंपी हवं तेव्हा येत, काही जण कपडे घरी नेऊन शिवत, दुसऱ्या दुकानाचं काम घ्यायलाही त्यांना मोकळीक होती. पण दुकानातली शिलाई यंत्रं मालकाची होती आणि शिवण पसंत नसेल तर ती नाकारायचा हक्कही त्याचाच होता. १९७३ मध्ये ते नोकर ठरले. नागपूरच्या एका कारखान्यात नगावर विड्या वळणाऱ्यांनाही येण्याजाण्याची बरीच मोकळीक होती, तरी तेही कामगारच ठरले.

गैरसमज : मग दुसऱ्यासाठी काम करणारा प्रत्येक जण कामगार.
वस्तुस्थिती : तसंही नाही. मध्य प्रदेशातल्या एका विडी कारखान्याला सट्टेदार विड्या पुरवत. त्या कुठे वळायच्या, कुणाकडून वळून घ्यायच्या हे ते स्वतः ठरवत. कारखान्याला फक्त तयार माल हवा होता. १९५८ च्या चिंतामण राव खटल्यात सट्टेदार स्वतंत्र कंत्राटदार ठरले. स्वतःची माणसं लावून, स्वतःच्या जोखमीवर चार ग्राहकांची कामं घेणारा इलेक्ट्रिशियन असाच व्यावसायिक असतो.

गैरसमज : नव्या कायद्याने अ‍ॅपवर काम करणारे कर्मचारी झाले.
वस्तुस्थिती : सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिने गिग आणि प्लॅटफॉर्म कामगारांची दखल घेतली, पण पारंपरिक मालक-नोकर नात्याबाहेर ठेवून. अपघात विमा, आरोग्य, वृद्धापकाळ अशा योजनांसाठी कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम द्यायची आहे. कामगारांना दिलेल्या मोबदल्याच्या ५ टक्के ही तिची कमाल मर्यादा. कायम नोकराचे सगळे हक्क यातून आपोआप मिळत नाहीत.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. मालक-नोकर नातं आहे हे दाखवायची जबाबदारी तसा दावा करणाऱ्यावर असते, हे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये स्पष्ट केलं आहे. म्हणून ओळखपत्र, हजेरीची नोंद, बँकेत जमा झालेली रक्कम, वरिष्ठांनी मोबाइलवर पाठवलेल्या सूचना जपून ठेवा. शंका आली तर कामगार आयुक्त कार्यालयात किंवा संघटनेकडे वेळेत जा. कागदावरचा शब्द वाचून हक्कावर पाणी सोडू नका.