गाडीचं ॲव्हरेज नेमकं जातं कुठे? नागपूरचं ऊन, समृद्धी महामार्ग आणि टायरमधली हवा

नवी गाडी घेताना आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो, "ॲव्हरेज किती देते?" शोरूमवाला सांगतो, २२. गाडी घरी येते, महिना जातो, हिशोब लावला की आकडा निघतो १५ किंवा १६. मग कोणी पेट्रोल पंपाला दोष देतं, कोणी कंपनीला, कोणी इथेनॉलला.

नागपुरात तर कारणांना तोटाच नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या वर, नवतपात एसीशिवाय गाडीत बसणं अशक्य, शहरात पावलोपावली सिग्नल आणि शहराबाहेर पडलं की ताशी १२० किलोमीटरची परवानगी देणारा समृद्धी महामार्ग.

या सगळ्यात ॲव्हरेज नेमकं कुठे जातं, त्यातलं आपल्या हातात किती आहे, हे एकेक करून बघू. आणि एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. ज्या सवयी पेट्रोल वाचवतात, त्यातल्या बहुतेक सवयी समृद्धीवर तुमच्या घरच्यांचा जीवही वाचवतात.

शोरूममधला आकडा खोटा असतो का?

खोटा नसतो, पण तो तुमच्या रस्त्यावरचाही नसतो.

भारतात गाड्यांचा जो अधिकृत मायलेजचा आकडा सांगितला जातो, तो 'एआरएआय' आकडा म्हणून ओळखला जातो. एआरएआय म्हणजे पुण्यातली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया. चाचणीच्या वेळी गाडी प्रयोगशाळेत रोलरवर चालवतात. किती सेकंदात किती वेग, कुठे थांबायचं, हे सगळं ठरलेलं असतं. आजवर वापरात असलेल्या या चाचणीत गाडीचा कमाल वेग ताशी ९० किलोमीटर असतो आणि एसी बंद असतो.

आता स्वतःची गाडी आठवा. एसी फुल, मागे तीन माणसं, डिक्कीत सामान, समोर व्हरायटी चौकातली गर्दी. तो आकडा येणारच नाही. त्याचा उपयोग दोन गाड्यांची तुलना करण्यापुरता.

स्वतःचा खरा आकडा काढायचा असेल तर टाकी फुल करा, ट्रिप मीटर शून्यावर आणा. तीनचारशे किलोमीटर चालवल्यावर पुन्हा टाकी फुल करा, शक्यतो त्याच पंपावर आणि दोन्ही वेळा नोझल पहिल्यांदा आपोआप बंद होईल तिथेच थांबा. चाललेले किलोमीटर भागिले भरलेले लीटर, हे तुमचं ॲव्हरेज.

मग इथेनॉलचा दोष किती?

थोडा आहे. एक लीटर इथेनॉलमध्ये एक लीटर पेट्रोलपेक्षा साधारण एकतृतीयांश ऊर्जा कमी असते. त्यामुळे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर, म्हणजे ई-२० वर, ॲव्हरेज काहीसं घसरतं. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात यावर अंदाज दिले होते. मूळ साध्या पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि १० टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या चारचाकींमध्ये सुमारे ६ ते ७ टक्के घट आणि ई-२० साठीच जुळवलेल्या गाड्यांमध्ये १ ते २ टक्के.

म्हणजे १६ देणारी जुनी गाडी १५ वर येऊ शकते. पण २२ चे १५ झाले असतील, तर सगळं खापर इथेनॉलवर फोडता येणार नाही.

शहरात पेट्रोल कोण पितं?

सर्वात जास्त पितो तो ब्रेक. ऐकायला विचित्र वाटेल, पण हिशोब सरळ आहे. गाडीला वेग देण्यासाठी पेट्रोल जळतं. ब्रेक मारला की तो वेग, म्हणजे तेच पेट्रोल, ब्रेक पॅडमध्ये उष्णता होऊन उडून जातं. पुढे लाल सिग्नल दिसत असताना ॲक्सिलरेटर दाबून जवळ जायचं आणि मग कचकन ब्रेक मारायचा, यात वेळ वाचत नाही, फक्त पैसे जळतात.

अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या आकडेवारीनुसार अशा धसमुसळ्या ड्रायव्हिंगमुळे थांबत-चालत जाणाऱ्या वाहतुकीत ॲव्हरेज १० ते ४० टक्क्यांनी घटू शकतं.

उपाय काय? नजर पुढच्या गाडीच्या बंपरवर न ठेवता त्याच्याही पलीकडे ठेवायची. सिग्नल लाल दिसला की लांबूनच ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा, पण गाडी गिअरमध्येच ठेवायची.

इथे एक जुना समज मोडायला हवा. उतारावर किंवा सिग्नलच्या आधी गाडी न्यूट्रल केली की पेट्रोल वाचतं, असं आपल्याकडे वडीलधारे सांगतात. कार्ब्युरेटरच्या जमान्यात त्यात थोडंफार तथ्य होतं. आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांमध्ये उलटं आहे. गाडी गिअरमध्ये असताना पाय काढला, की चाकंच इंजिनला फिरवतात आणि गाडीचा कॉम्प्युटर इंधनाचा पुरवठा बंद करतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतंच. शिवाय न्यूट्रलमध्ये इंजिनचा ब्रेक मिळत नाही आणि घाटात सगळा भार पायाखालच्या ब्रेकवर येतो. म्हणजे पैसेही जास्त आणि धोकाही जास्त.

दुसरी गोष्ट, सिग्नलवर चालू असलेलं इंजिन. छोटी गाडी जागेवर उभी राहून तासाला साधारण अर्धा ते एक लीटर पेट्रोल जाळते. रोज १० मिनिटं सिग्नलवर गेली, असं वर्षातून ३०० दिवस धरलं, तर होतात ५० तास. म्हणजे २५ ते ५० लीटर पेट्रोल जागेवर उभं राहून संपलं. सिग्नलचा आकडा ३० सेकंदांपेक्षा जास्त दिसत असेल तर इंजिन बंद करणं फायद्याचं. मे महिन्याच्या दुपारी मागे लहान बाळ असेल तर अर्थात एसी चालू ठेवा. नियम माणसांसाठी आहेत.

गिअरबद्दल एवढंच, की हलक्या पायाने वरचा गिअर लवकर टाका. मात्र इंजिन घरघरायला, थरथरायला लागलं तर समजा की घाई झाली. बऱ्याच नव्या गाड्यांत डॅशबोर्डवर गिअर बदलण्याची खूण येते. ती खूण पाळली तरी पुरे.

एसी बंद करून फायदा होतो का?

एसीचा कॉम्प्रेसर इंजिनवर चालतो, त्यामुळे तो पेट्रोल खातोच. कडक उन्हात, विशेषतः छोट्या फेऱ्यांमध्ये, हा फटका २५ टक्क्यांच्या पुढेही जाऊ शकतो, असं अमेरिकेचा ऊर्जा विभाग सांगतो.

छोट्या फेऱ्यांमध्येच जास्त का? कारण उन्हात तापलेली गाडी थंड करताना एसीला सर्वाधिक मेहनत पडते. गाडी थंड झाली की काम हलकं होतं. म्हणून युक्ती सुरुवातीलाच करायची. गाडी सावलीत लावा, काचेवर सनशेड लावा. बसण्याआधी दारं उघडून कोंडलेली गरम हवा जाऊ द्या. पहिलं एक मिनिट काचा खाली ठेवून चालवा, मग काचा बंद करून आतलीच हवा फिरवणारं बटण दाबा. तापमान १८ वर न ठेवता २४-२५ वर ठेवा.

हायवेवर मात्र एसी वाचवण्यासाठी काचा उघड्या ठेवू नका. वेगात आत घुसणारी हवा गाडीला मागे ओढते.

१०० आणि १२० मध्ये असा काय फरक पडतो?

आता शहराबाहेर पडू. नागपूरजवळ शिवमडक्याहून सुरू होणारा समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला. सपाट भागात कारसाठी वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर आहे. पण ती मर्यादा आहे, सक्ती नाही.

वेग वाढला की हवेचा विरोध त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ८० वरून १२० वर गेलात, तर वेग दीडपट होतो, पण हवेचा विरोध सव्वादोन पट. १०० वरून १२० वर गेलात तरी तो ४४ टक्क्यांनी वाढतो.

समजा तुमची गाडी १०० च्या वेगाने १८ आणि १२० च्या वेगाने १५ चं ॲव्हरेज देते. नागपूर ते शिर्डी न थांबता १०० ने गेलात तर ५ तास १२ मिनिटं आणि सुमारे २९ लीटर. १२० ने गेलात तर ४ तास २० मिनिटं आणि सुमारे ३५ लीटर. ५२ मिनिटांसाठी जवळपास सहा लीटर. शंभर रुपये लीटर धरला तरी जायचे सहाशे, यायचे सहाशे.

पण खरा हिशोब पैशांचा नाहीच. १२० च्या वेगाला गाडी एका सेकंदात ३३ मीटर जाते. समोर बंद पडलेला ट्रक दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला, तरी गाडी ५० मीटर पुढे गेलेली असते आणि ब्रेक अजून लागलेलाही नसतो. सरळ, एकसुरी रस्त्यावर डोळा लागला किंवा मन भरकटलं, तर हा दीड सेकंद वाढतच जातो.

उन्हाळ्यात टायरमध्ये हवा कमी ठेवायची का?

नाही. या लेखातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल, तर ही ठेवा.

"ऊन आहे, हवा फुगेल, दोन-चार पॉइंट कमीच ठेवा," हा सल्ला नागपुरात सर्रास मिळतो. हवा तापल्यावर दाब वाढतो हे खरंच आहे. तापमान पाच-सहा अंशांनी वाढलं की दाब साधारण १ पीएसआयने वाढतो. पण कंपनीने सांगितलेला दाब हे सगळं गृहीत धरूनच दिलेला असतो.

टायर फुटण्यामागे मोठं कारण असतं कमी हवा. हवा कमी असली की टायरच्या बाजूच्या भिंती प्रत्येक फेरीत जास्त वाकतात. सतत वाकल्यामुळे रबर आतून तापतं. त्यात वरून ४५ अंशांचं ऊन, खालून तापलेला सिमेंटचा रस्ता, गाडीत पाच माणसं आणि तासन् तास १२० चा वेग. अशा वेळी टायरचे थर सुटतात आणि टायर फुटतो. समृद्धीवर टायर फुटून अपघात होऊ लागले, तेव्हा २०२३ मध्ये परिवहन विभागाने प्रवेशाच्या ठिकाणी टायर तपासायला सुरुवात केली, ती याचसाठी.

हाच कमी हवेचा टायर रस्त्याला जास्त चिकटून फिरतो आणि पेट्रोलही जास्त खातो. चारही टायरमध्ये सरासरी १ पीएसआय हवा कमी असेल, तर ॲव्हरेज साधारण ०.२ टक्के घटतं. आकडा छोटा आहे, पण आपल्याकडे पाच-सात पीएसआय कमी असणं नवलाचं नाही.

ते कसं होतं बघा. ३३ ची हवा असलेली गाडी ५० किलोमीटर पळून येते, तापलेल्या टायरमध्ये मीटर ३८ दाखवतं आणि हवा भरणारा ती सोडून ३३ करून देतो. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड टायरमध्ये उरते २८. म्हणून हवा नेहमी गाडी थंड असताना, सकाळी घराजवळच्या पंपावर तपासा. गरम टायरमधली हवा कधीच सोडू नका. नायट्रोजन भरला असेल तरी हेच. तोही तापल्यावर तेवढाच फुगतो.

किती हवा हवी, हे ड्रायव्हरचं दार उघडल्यावर दिसणाऱ्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. गाडी पूर्ण भरलेली असताना काही गाड्यांत मागच्या टायरचा आकडा वेगळा असतो, तोही तिथेच मिळतो.

निघण्याआधी काय बघायचं?

- चारही टायरची आणि स्टेपनीची हवा, थंड असताना.
- टायरच्या खाचा. कायद्याने किमान १.६ मिलिमीटर खोली हवी. खाचेतला छोटा उंचवटा रबराच्या पातळीला आला असेल, तर टायर बदलायची वेळ झाली.
- टायरचं वय. बाजूला चार आकडे कोरलेले असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. खाचा शाबूत असल्या तरी जुनं, भेगा पडलेलं रबर वेगात नेऊ नका.
- कूलंट आणि इंजिन ऑइल. ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचंच. "उन्हाळा आहे, जाड टाका" हा सल्ला ऐकू नका.
- डिक्कीतलं नको असलेलं सामान आणि टपावरचं रिकामं कॅरिअर काढून ठेवा.

एअर फिल्टर वेळेवर बदला, तो इंजिनसाठी गरजेचा आहे. पण त्याने ॲव्हरेज वाढेल ही अपेक्षा ठेवू नका, कारण नव्या इंजेक्शनच्या गाड्यांत कॉम्प्युटर हवेच्या प्रमाणात इंधन जुळवून घेतो.

नागपूरहून निघताना क्रूझ कंट्रोल ९५-१०० वर लावा आणि दर दोन तासांनी गाडी थांबवा, महामार्गाच्या कडेला नाही, तर पंपावर किंवा विसाव्याच्या ठिकाणी. चहा घ्या, पाय मोकळे करा, टायरवर एक नजर टाका. शिर्डीला पाऊण-एक तास उशिरा पोहोचाल, पण टाकीत सहा लीटर जास्त असतील.