देवमाशाचं गोत्र कोणतं?

मुलांना मराठीतून प्राण्यांची नावं शिकवताना एक गोष्ट तुमच्याही लक्षात आली असेल. देवमासा हा मासा नाही. पाणघोडा हा घोडा नाही. पाणमांजर आणि खवले मांजर, दोन्ही मांजरं नाहीत. इथल्या शाळेत शिकणारं मूल साहजिकच विचारतं, "मग मराठी चुकीची आहे का?"

उत्तर देण्याआधी इंग्रजीकडेही पाहा. स्टारफिश आणि जेलीफिश तरी कुठे मासे आहेत? इतकंच काय, पाठ्यपुस्तकातला 'सरपटणारे प्राणी' हा गटसुद्धा आज अडचणीत आहे.

लिनियसने १७५८ साली देवमाशांना माशांतून काढून सस्तन प्राण्यांत बसवलं. पण तेव्हा गट पडत ते प्राण्याच्या ठेवणीवरून. नात्यावरून गट करण्याचा काटेकोर नियम जर्मन शास्त्रज्ञ विली हेनिग यांनी १९५० साली मांडला: गटात एक पूर्वज आणि त्याचे सगळे वंशज हवेत. एकही शाखा गाळायची नाही.

आपल्याला हे समजायला सोपं आहे, कारण आपल्याला वंशावळ ठाऊक आहे. समजा, पणजोबांची एक पणती परदेशी गेली, तिचा वेश बदलला, बोली बदलली. म्हणून तिचं नाव वंशावळीतून खोडायचं का?

'सरपटणारे प्राणी' या गटात नेमकं हेच झालं. मगरीचा आज हयात असलेला सर्वांत जवळचा नातलग सरडा किंवा घोरपड नव्हे, तर पक्षी. दोघांच्या हृदयाला चार कप्पे असतात, दोघेही घरटं करतात. मगरीची मादी पिल्लांची राखणही करते. पक्ष्यांना पिसं आली, ते उडू लागले आणि आपण त्यांची चूल वेगळी मांडली. खरं तर पक्षी हे डायनासोरांचेच वंशज.

माशांचं तर आणखी अवघड. आफ्रिका, दक्षिण अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात आढळणारा लंगफिश नात्याने पापलेटपेक्षा आपल्याला जवळचा आहे. 'मासे' हे कुटुंब पूर्ण करायचं तर त्यात तुम्हाआम्हालाही घ्यावं लागेल!

आणि पाणघोडा? हयात प्राण्यांत त्याचा सर्वांत जवळचा सोयरा आहे देवमासा. या नात्याचा एक दुवा भारतातला आहे. काश्मीरमध्ये सापडलेला इंडोहायस हा सुमारे मांजराएवढा, खुरांचा प्राणी. त्याच्या कानाच्या हाडाची ठेवण देवमाशासारखी असल्याचं २००७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आलं.

मग जुनी नावं टाकून द्यायची? मुळीच नाही. बाजारात पापलेट मागताना वंशवृक्ष लागत नाही. पाणघोडा हे नाव त्या प्राण्याचा पत्ता सांगतं, गोत्र नव्हे. पाण्यात कोण राहतं, अंगावर खवले कोणाच्या, हे आपल्या पूर्वजांनी नीट पाहिलं होतं आणि नावात जपून ठेवलं. नातं शोधणं हे वेगळं काम. त्यासाठी नवे गट आणि नवी नावं घ्यायला हरकत नसावी.

न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीत जीवाश्मांची दालनं वंशवृक्षाच्या क्रमाने मांडलेली आहेत. सुट्टीत मुलांना घेऊन जरूर जा. तिथे त्यांना नाती शोधू द्या आणि तुम्ही त्यांना मराठी नावं सांगा.